कानामागची गाठ

११ डिसेंबर, गुरुवार. मु. अष्टमी, ता. रोहा.

मुलीने बापाला स्थळ आणलं, असं आमच्या मोहल्ल्यात आजवर झालेलं नाही. आज झालं. अरीबा शाळेत शिकवते. शाळा सुटल्यावर सासरी न जाता सरळ इकडे आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "अब्बा, तुमच्यासाठी एक बाई बघितलीय. रविवारी निडीला जायचंय."

मी मांदेली साफ करत होतो. म्हटलं, "मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाय म्हणाला असतात."

ते खरं आहे. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली. मी दोह्याहून कायमचा परत आलो त्याला दोन. बावीस वर्षं एसी दुरुस्त करून दुसऱ्यांची घरं गार केली, आता स्वतःच्या घरात पंख्याखाली एकटा बसतो.

बाईचं नाव अमीना. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. निडी स्टेशनपासून जवळ आंब्या-काजूच्या कलमांची नर्सरी चालवते. वय एकोणपन्नास.

"माझं किती सांगितलंस?"

"छप्पन्न."

"अगो, पन्नास सांगायचं!"

"अब्बा, ती बाई झाडाकडे बघून वय सांगते. तुमचं नाय सांगणार?"

ती गेल्यावर आरशात बघितलं. डोकं पांढरं, मिशी पांढरी. भुवया तेवढ्या काळ्या राहिल्यात, त्यांचा काय उपयोग.

१३ डिसेंबर, शनिवार

इथं सगळे ओळखतात म्हणून पूल ओलांडून रोह्यात गेलो आणि अनोळखी दुकानातून काळी मेंदी आणली. पुडीवर हिरवं पान छापलंय, खाली 'हर्बल' लिहिलंय. म्हणजे झाडपालाच. डाय वेगळी. डाय लावणारे लोक वेगळे असतात.

दार लावून डोक्याला, मिशीला लावली. धुतल्यावर आरशात विमानतळावर पहिल्यांदा रांगेत उभा राहिलेला मुराद, म्हणजे मीच, दिसला. जरा जाड.

१४ डिसेंबर, रविवार

बाई बरी आहे. बरी म्हणजे चांगली आहे. ठेंगणी, हाताला माती, बोलणं सरळ. पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "एसीवाले ना तुम्ही? इथं एसी नाय, सावली हाय. बसा."

तिचा भाऊ अर्शद पूर्ण वेळ माझ्या मिशीकडे टक लावून बघत होता. त्याची स्वतःची विरळ आहे, हेवा वाटणारच. घरात गुलाबाच्या अत्तराचा वास, उशांना भरतकाम केलेले अभ्रे आणि एक गलेलठ्ठ मांजर. मांजराने माझ्या पायावर अंग घासलं. अमीना म्हणाली, "ती कुणाच्या जवळ जात नाय हां." मी म्हटलं, "मीही जात नाय." सगळे हसले. ती जास्त हसली.

२० डिसेंबर, शनिवार

तब्येत ठणठणीत. निडीला थांबणाऱ्या गाड्या पाठ झाल्या. उगाच.

४ जानेवारी, रविवार

मुळांशी पांढरं डोकवायला लागलं होतं, म्हणून काल परत मेंदीचं उरकून घेतलं. आज अर्शदने पोपटीला बोलावलं होतं. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वरखाली भांबुर्ड्याचा पाला. शेतात जाळ केला होता. अमीना शेंगा सोलून दाणे माझ्याच ताटलीत टाकत होती. तिला स्वतःला वाल आवडत नसावेत.

अरीबा परत येताना गाडीत सारखी माझ्याकडे बघून गालात हसत होती. कशाला ते सांगितलं नाही.

६ जानेवारी, मंगळवार

कान खाजतात. मानेला पुरळ, कपाळावर केसांच्या कडेने लाल पट्टा. अरीबाने फोनवर विचारलं, "काय लावलंत?" म्हटलं, "काय लावणार? भांबुर्ड्याचा पाला बाधला." मेडिकलमधून गोळ्या आणल्या. यापुढे पोपटी बंद.

१२ जानेवारी, सोमवार

उतरलं सगळं. पोपटी बंद वगैरे त्रासाच्या भरात लिहिलं होतं.

२५ जानेवारी, रविवार

आज एकटा गेलो. अरीबाला सांगितलं की अंगणात लावायला एक कलम घ्यायचंय. अंगणात फरशी आहे हे तिला माहीत आहे. काल संध्याकाळी मेंदी झाली होती, त्यामुळे मनात धास्ती नव्हती.

अमीनाने मला भेटकलम करायला शिकवलं. दोन फांद्या तासायच्या, तासलेल्या बाजू एकमेकींना लावायच्या, वर पट्टी गुंडाळायची. मी धरायचं, तिने गुंडाळायचं. माझ्या बोटांना चीक लागला. तिने स्वतःच्या ओढणीने पुसला.

"असंच धरून ठेवायचं?" मी विचारलं.

"दोन मिनटं पुरे हाय," ती म्हणाली. मी बराच वेळ धरलं. तिनेही सोडा म्हटलं नाही.

निघताना तिने सांगितलं, "अर्शद म्हणतो, रमजानच्या आधी व्हय का नाय ते ठरवा. लोक विचारतात." मी म्हटलं, "माझ्याकडून व्हयच हाय." ती म्हणाली, "माझं मी सांगते. घाई नाय."

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी डोळे उघडले, पण उघडले नाहीत. पापण्या सुजून डाळवडे झाले होते. ओठावर मिशीखाली फोड, कानांतून पाणी. अरीबाच्या शाळेत झेंडावंदनाला पाहुणा म्हणून जायचं कबूल केलं होतं, म्हणून चाचपडत गेलो. मुख्याध्यापकांनी तिला विचारलं, "तुमचे वडील नाही आले का?" मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.

२७ जानेवारी, मंगळवार. पेण.

अरीबाने रजा काढून पेणला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. मोकल मॅडम. त्यांच्याकडे पुढचा पेशंट आतल्या बाकावर बसवून ठेवायची पद्धत आहे. पुढचा पेशंट कोण? आमच्या अष्टमीचा केरूनाना! गजकर्णासाठी आलेला. केरूनानाला सांगितलेल्या गोष्टीला पूल ओलांडायला वाहन लागत नाही. अरीबा औषधाच्या रांगेत होती, मी आत एकटा सापडलो.

"केसांना काय लावता?" मॅडमनी विचारलं.

केरूनानाने खाजवणं थांबवलं.

"खोबरेल."

"नुसतं?"

"नुसतं."

"या वयात एवढे काळे?"

"आमच्या घराण्यातच हाय."

मॅडमनी माझ्या मिशीकडे बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पटलं असावं.

मग त्यांनी माझ्या कानामागे बोट दाबलं. मी ओरडलो. "गाठ सुजलीय," त्या म्हणाल्या. गाठ म्हटल्यावर मी विचारलं, "किती दिवस उरलेत?" त्या हसल्या. "मुरादभाई, या गाठी सगळ्यांनाच असतात. तुमच्या गाठीत सध्या गर्दी झालीय, एवढंच. नीट ऐका. आपल्या कातडीत पहारेकरी पेशी असतात, हातपाय पसरून बसलेल्या. कातडीतून परकं काही आत शिरलं की त्याचा नमुना उचलतात, आपली जागा सोडतात आणि लसिकेच्या बारीक नळ्यांतून प्रवास करत जवळच्या गाठीत पोचतात. ही रक्ताची वाट नव्हे, वेगळी वाट. गाठीत लढणाऱ्या पेशी असतात. त्यांना तो नमुना दाखवतात. याला ओळखून ठेवा म्हणतात."

"म्हणजे एसीला ड्रेन लाइन असते तशी," मी म्हटलं. "पाणी तिथूनच जातं आणि बिघाड काय तो तिथंच कळतो."

"तसंच समजा. पहिल्यांदा तेवढंच होतं. नुसती ओळख. तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण आठ-दहा दिवसांत गाठीत फौज तयार होते. मग तीच वस्तू पुन्हा भेटली की फौज त्या जागी येते आणि एक-दोन दिवसांनी कातडी पेटते. प्रत्येक भेटीला जास्त."

"आणि ते पहारेकरी? ते परत येतात जागेवर?"

"नाही. बातमी पोचवली की त्यांचं काम संपलं. बहुतेक तिथंच मरतात."

मला उगाच वाईट वाटलं. माझ्या कातडीतून निघाले, कानामागपर्यंत चालत गेले, आणि संपले. मजुराला निदान परतीचं तिकीट असतं.

पाच दिवसांच्या गोळ्या दिल्यात. त्या संपल्यावर आठवडाभराने पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी करायची. "ज्या ज्या गोष्टींचा संशय आहे त्या घेऊन या," म्हणाल्या. "तुम्ही सांगाल न सांगाल, पाठ खरं बोलेल."

२८ जानेवारी, बुधवार

आज मला कळलं.

पहिली भेट, काही नाही. दुसरी भेट, दोन दिवसांनी खाज. तिसरी भेट, दुसऱ्या दिवशी डोळे बंद. मॅडमनी अगदी हेच सांगितलं होतं. पहिल्यांदा ओळख, मग फौज, प्रत्येक भेटीला जास्त.

माझ्या अंगाला अमीना सोसत नाही.

मला आख्खा जन्म धुळीची, रंगाची, कुठल्या गॅसची बाधा झाली नाही. आता छप्पन्नाव्या वर्षी एक बाई आवडली तर माझ्या कातडीतले हरामखोर तिची चहाडी घेऊन कानामागे पोचले. गाठीला हात लावून बघितला. दुखते. आत अजून बैठक चालू असणार.

चौथ्या भेटीत मी मरेन बहुतेक.

१ फेब्रुवारी, रविवार. चौथी भेट.

गेलो. संशयाच्या वस्तू आणल्याशिवाय तपासणी कशी होणार? डोकं अजून हुळहुळत होतं, त्यामुळे मेंदीबिंदी काही न करता माकडटोपी घालून गेलो. अमीनाला सांगितलं, थंडी बाधली. दुपारी बारा वाजता.

ती कुणा गिऱ्हाईकाला काजूची रोपं दाखवत होती तेवढ्यात मी आंब्याची दोन पानं खिशात टाकली, शेवंतीचं एक फूल, मग घरात शिरून अत्तराच्या बाटलीचा बोळा रुमालात पुसून घेतला, उशीच्या अभ्र्याचा एक दोरा ओढला. दोरा संपेचना. अर्धा मोर उसवला तेव्हा कुठे तुटला. मग मांजराचे केस राहिले. ती खाटेखाली होती. मी पालथा पडून हात घातला. मागून आवाज आला, "काय शोधताय?"

"मांजर," मी खाटेखालून म्हटलं. "मला... मांजरं फार आवडतात."

अमीना आत गेली आणि एक पिल्लू घेऊन आली. "हे घ्या. घरात एकटे असता. हे बोलत नाय, पण ऐकतं."

गाडीत एका खिशात पिल्लू, दुसऱ्यात अमीनाच्या शेवंतीचं फूल, नाकात तिचं अत्तर. इतका विषारी माल घेऊन मी आजवर प्रवास केलेला नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

काहीच झालं नाही. तीन दिवस वाट बघितली. पिल्लू छातीवर झोपतं. रविवारी मॅडमच्या गोळ्या संपल्या, त्यांचा असर अजून असणार. त्याशिवाय दुसरं कारण दिसत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी पाठीवर पट्ट्यांच्या रांगा चिकटवल्या, प्रत्येक चौकोनात वेगळा पदार्थ. त्यांच्याकडचे ठरलेले वीस, माझे पान, फूल, दोरा आणि अत्तर वेगळे. मांजराचे केस परत दिले. "यांची परीक्षा अशी होत नाही," म्हणाल्या, "आणि हे कुणाकुणाच्या घरातलं सामान आहे हो?" म्हटलं, नातेवाईक. म्हणाल्या, "जवळचे?" म्हटलं, "तेच तर ठरायचंय."

बुधवारपर्यंत आंघोळ नाही, घाम नाही, खाजवायचं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गरम होतं म्हणून ओट्यावर उघड्या अंगाने पाठ वाऱ्याला देऊन बसलो. केरूनाना समोरून गेला. परत आला. परत गेला.

११ फेब्रुवारी, बुधवार

पट्ट्या निघाल्या. मॅडमनी पेनाने पाठीवर आकडे काढले. काय दिसतं विचारलं तर म्हणाल्या, "शुक्रवारी पक्कं सांगते," आणि हसल्या. घरी दोन आरसे धरून बघायला गेलो. मला फक्त पिल्लू दिसलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अर्शदचा फोन. आवाज घट्ट. "मुरादभाय, रोह्यात कानावर आलं ते खरं का? तुमच्या अंगाला काय तरी रोग हाय म्हणतात. पाठभर पट्ट्या चिकटवल्यात, पेणला लपूनछपून जाता. लागट हाय म्हणतात. बहिणीचा प्रश्न हाय, म्हणून विचारतो."

"लागट नाय," मी म्हटलं.

"मग काय हाय?"

काय सांगू? तुमच्या बहिणीचीच बाधा होते म्हणू? "उद्या सांगतो," म्हटलं आणि फोन ठेवला. जेवलो नाही. एकदा वाटलं, रोग आहे म्हणून सांगावं आणि सुटावं. तिला वाईट तरी वाटणार नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. पेण.

मॅडमनी फोनवर माझ्याच पाठीचा फोटो दाखवला. आंब्याच्या पानाच्या जागी काही नाही. शेवंती, काही नाही. अत्तर, दोरा, साफ. मी इतका खूश झालो की उठून उभा राहिलो.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "हा बघा." एका चौकोनात लाल चट्टा, वर फोड. "हे केसांच्या काळ्या रंगात असतं. काळ्या मेंदीतसुद्धा. हिरवं पान छापतात आणि आत हेच घालतात. तुमच्या पहारेकऱ्यांनी डोक्याच्या कातडीतून उचललं, कानामागे पोचवलं. त्यांची काही चूक नाही. बातमी खरीच दिली. तुम्ही मात्र मला खोबरेल सांगितलंत."

बाकावर आज कुणी अनोळखी बाई होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"यापुढे आयुष्यात लावायची नाही. मिशीलाही नाही. पुढच्या वेळी श्वास अडकू शकतो." मी मान डोलवली. खाली आल्यावर कानामागे हात नेला. गाठ बसलीय. बिचाऱ्यांना हरामखोर म्हटलं होतं. तेच इमानदार निघाले.

पण आता अर्शदला काय सांगू? रोग नाय, मी केस रंगवतो? रोग बरा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

प्रविणच्या सलूनमध्ये गेलो. म्हटलं, "काळं तेवढं सगळं काढ." प्रविण म्हणाला, "मग काय उरणार नाय, चाचा." म्हटलं, काढ. मिशीही गेली. डोक्यावर नुसती मीठ शिंपडल्यासारखी खुंटं राहिली. रस्त्यात केरूनाना भेटला, मला सलाम करून पुढे गेला. ओळखलं नाही. एवढं तरी भलं झालं.

१५ फेब्रुवारी, रविवार. निडी.

फाटकाशी उभा राहिलो. अमीना पिशव्यांत माती भरत होती. मान वर करून म्हणाली, "या. आंब्याचं पायजे का काजूचं?"

"मी मुराद."

तिच्या हातातली माती तशीच. मी म्हटलं, "आधी सगळं ऐका, मग काय ते ठरवा." आणि फाटकातच उभं राहून सांगून टाकलं. मेंदी, पुडी, पेण, पाठ, रोग नाही, छप्पन्न खरं, केस खोटे. उशीच्या मोराचंही सांगितलं.

ती मातीच्या ढिगावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अहो, रंगवता ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कानाच्या पाळीवर काळं राहिलं होतं. अर्शदपण बोलला. मला वाटलं, घरात सांगणारं कोण नाय या माणसाला, पुसून घ्या म्हणून."

"मग सांगितलं का नाय?"

"सांगणार होते पोपटीच्या दिवशी. मग म्हटलं, आपल्यासाठी करतोय, करू दे."

आता थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण तोंडून निघालंच, "मला वाटलं, तुमचीच बाधा होते. दर भेटीला वाढत होतं ना. मला वाटलं, चौथ्या भेटीला मरेन."

तिचं हसणं बंद झालं. मला वाटलं, संपलं. बाईला तोंडावर सांगितलं की तू मला विषासारखी आहेस. गाडी किती वाजता आहे ते आठवायला लागलो.

"चौथ्या भेटीला," ती म्हणाली. "ते मांजराच्या दिवशी. टोपी घालून आलात तेव्हा."

"व्हय."

"मराल असं वाटत होतं?"

"व्हय."

"तरी आलात?"

मी मान खाली घातली.

ती उठली. हात झटकले, आत गेली, फोन घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोरच अर्शदला लावला.

"अरे, मुराद आलेत. हां, माझ्यासमोर उभे हायत. नाय रे, रोगबिग काय नाय. सगळं तपासलं. म्हातारे हायत, एवढंच." थोडं थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला चालतं. ईदनंतरची तारीख बघ."

फोन ठेवून तिने मातीची पिशवी माझ्या हातात दिली. "उभे काय राहिलात? त्या तिकडं सावलीत नेऊन ठेवा." मी सगळ्या पिशव्या नेऊन ठेवल्या. शेवटची गाडी चुकली. अर्शदने मोटारसायकलवरून सोडलं. पूर्ण रस्ताभर एक शब्द बोलला नाही. दारात उतरलो तेव्हा माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला, "असेच बरे दिसता, भावोजी."